सातव्या ठिपक्याशी अडलेली यादी

काकांनी त्या चिठ्ठ्या बंबात घातल्या त्या माझ्या सांगण्यावरून, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर सांगू म्हटलं तर ते सोयीस्करपणे राहून जाईल. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. मी भिंगारला दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायचो आणि नगरात एका खाजगी क्लासमध्ये संगणक शिकवायचो. घरी माझा स्वतःचा संगणक होता. पुण्याहून सुटे भाग जोडून घेतलेला आणि एस.टी.त मांडीवर बसवून आणलेला. शिरूर यायच्या आत दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पण डबा खाली ठेवला नाही. आमच्या आळीत तो एकच. त्यामुळं त्यात पत्रिका जुळते का, लाइटचं बिल चुकलंय ते दिसतं का, असल्या चौकश्या घेऊन माणसं यायची, आणि मी कुणालाच नाही म्हणायचो नाही. ‘नाही’ हा शब्द तेव्हा शिकलो असतो तर हे लिहायला काही उरलं नसतं.

काका शेजारी राहायचे. लष्कराच्या एका डेपोत पस्तीस वर्षं स्टोअर क्लार्क म्हणून काढून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सायकलच्या सीटखाली पान्ह्याची पिशवी. मूळ गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या पलीकडं, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. छप्पन्न साली आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांत त्यांच्या गावातल्या आणि आसपासच्या सहा गावांतल्या ज्या माणसांनी धम्म स्वीकारला, त्या सगळ्यांची यादी करायचं काकांनी मनावर घेतलं होतं. म्हातारी माणसं एकेक करून चालली होती. “पुढच्या पिढीला वाटंल, आपण असेच होतो पयल्यापासून,” ते म्हणायचे. तीन वर्षं ते हिंडले. गावात भेटली नाहीत ती माणसं ऊसतोडीच्या हंगामात सोनईकडच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये जाऊन गाठली. मिळेल त्या कागदावर टिपून आणलं: एस.टी.च्या तिकिटांच्या पाठी, बिडीबंडलावरचे कागद, लग्नपत्रिकांची कोरी बाजू. तीनशेच्या वर घरं. त्याची छोटी पुस्तिका छापून चौदा ऑक्टोबरला विहारात वाचायची, असं ठरलं होतं.

पावसाळाभर आम्ही ती यादी संगणकात चढवली. संध्याकाळी काका चिठ्ठी वाचायचे, मी टाइप करायचो. मराठी टाइप करणं तेव्हा कोंबडीनं दाणे टिपल्यासारखं चालायचं. एक ‘क्ष’ सापडेपर्यंत काकांचा चहा निवायचा. कंटाळून मी त्यात एक चलाखी केली. ती तेव्हा कुणाला सांगितली नाही. इथंही जरा पुढं सांगतो, धीर गोळा झाला की.

यादी पुरी झाली तेव्हा काकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून विचारलं, “आता हे?”

“आता कागद कशाला, काका? संगणक विसरत नाही.”

हे वाक्य मी क्लासमध्ये रोज म्हणायचो, त्यामुळं ते आपोआप आलं. काकांना ते पटायला वेळ लागला नाही, कारण डेपोतला नियम तोच होता. कच्चं पक्क्यात चढलं की कच्चं नष्ट करायचं, नाहीतर तपासणीला दोन गोष्टी दोन बोलतात. त्यांनी पक्की प्रत म्हणून एक फ्लॉपी विकत आणली, मी तीवर यादी उतरवून दिली, त्यांनी लेबलवर सुवाच्य अक्षरात ‘मूळ प्रत’ लिहून खाली सही केली आणि ‘तुमच्याकडंच असू द्या’ म्हणून माझ्याच टेबलावर ठेवली. चिठ्ठ्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं.

आता लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी प्रणाली. एका संगणकाच्या मासिकाबरोबर सीडी आली आणि मला त्याचा नाद लागला. फुकट आहे, सगळं उघडं आहे, हवं ते बदलता येतं, एवढं कळलं होतं. हवं ते म्हणजे काय बदलायचं, हे कळलं नव्हतं. असा नाद लागलेली जिल्ह्यात आणखी दोन माणसं मला भेटली. एक केडगावचे, तंत्रनिकेतनात शिकवणारे सर. कोणताही प्रश्न विचारला की ते डोळे मिटून म्हणत, “मॅन्युअलमध्ये आहे.” दुसरा सोनईचा, तिथल्या साखर कारखान्याच्या संगणक विभागातला, माझ्याच वयाचा. रविवारी सकाळच्या एस.टी.नं तो यायचा, पिशवीत वह्या आणि हंगाम असेल तर काकवीची बाटली. या मंडळाची बैठक माझ्या घरी, कारण संगणक माझा आणि चहा माझ्या बायकोचा. ती आम्हाला ‘तीन टाळकी’ म्हणायची.

इंटरनेट आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. सरांचे मेहुणे पुण्यात होते, त्यांच्या ऑफिसात ईमेल होता. आम्ही रविवारी अडलेले प्रश्न आंतरदेशीय पत्रावर बारीक अक्षरात लिहायचो, मेहुणे ते जगातल्या जाणकारांना विचारायचे, आणि आलेली उत्तरं छापून टपालानं पाठवायचे. नॉर्वेतल्या कुण्या भल्या माणसानं आमचा माउस का हलत नाही हे तीन आठवड्यांनी भिंगारला कळवलं. त्या रविवारी पडद्यावरचा बाण हलला तेव्हा सोनईकर ओरडला, “हाललं! आवं हाललं बगा!” आळीतली दोन माणसं भूकंप समजून बाहेर आली.

नवरात्रात क्लासला सुट्टी होती. मी विंडोज पुसून टाकलं आणि सगळी जागा लिनक्सला दिली. काकांची यादी फ्लॉपीवर होतीच, ती आत उतरवून घेतली. नंतर छपाईच्या वेळी फ्लॉपीवर घालून क्लासमध्ये न्यायची आणि तिथल्या मराठीच्या सॉफ्टवेअरमधून काढायची, असा बेत. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. मग मला संगणकातून आवाज काढायची हौस आली. त्यासाठी लिनक्सचा गाभा नव्यानं बांधावा लागणार होता. सर म्हणाले, “आधी एक बूट फ्लॉपी करून ठेवा. मशीन सुरू नाही झालं तर तीच किल्ली.”

फ्लॉपी हवी होती. टेबलावर एकच होती. यादी तर आत उतरलेली आहे, दोन प्रती कशाला, असा विचार मी केला. ‘मूळ प्रत’ आणि काकांची सही, या दोन्हींवर अंगठा ठेवून मी ती फ्लॉपी आत ढकलली आणि एंटर दाबलं.

आवाज आला नाही. नवा गाभा बसवताना मी काहीतरी घोळ घातला, आणि मशीन सुरू केलं की पडद्यावर फक्त दोन इंग्रजी अक्षरं उमटून सगळं थांबायचं. पण किल्ली होती ना! फ्लॉपी घातली की ‘लोडिंग’ असा शब्द यायचा, त्यापुढं एकेक ठिपका उमटत जायचा, ओळभर ठिपके झाले की लिनक्स सुरू. चारपाच दिवस मी तसाच चालवला, वर बायकोला सांगितलं की हे जास्त सुरक्षित असतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. भिंगारला तर ट्रक, रिक्षा, शिवणयंत्र, न्हाव्याची कात्री, सगळं झेंडूत बुडालेलं असतं. माझं हत्यार संगणक. बायको म्हणाली, “अहो, बाहेरून एक बोट कुंकू लावा आणि उठा.” पण मला वाटलं, घरातली एवढी महाग वस्तू, तिची अशी उरकाउरकी नको. फ्लॉपी काढून बाजूला ठेवली, फुलं वाहिली, आणि फ्लॉपी घालायची फट म्हणजेच या यंत्राचं तोंड, असं ठरवून मी बोटानं झडप दाबून आत कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या.

“आत कशाला टाकताय?” बायको ओरडली. मला लगेच उपरती झाली. मी डबा उलटा करून हलवला. सहा दाणे बाहेर पडले. टाकले किती होते, ते मोजलं नव्हतं.

आता वाचणाऱ्याला सगळं कळलं असेल. मला कळायला रविवार उजाडावा लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन लावलं. ‘लोडिंग’, मग ठिपके, सात ठिपके, आणि थांबलं. पुन्हा लावलं. सात ठिपके. त्याच संध्याकाळी काका दारात.

“जय भीम, मास्तर. छापखान्यात विचारून आलो. बारा तारखेपर्यंत मजकूर द्या म्हणतात.”

“जय भीम. होऊन जाईल, काका. प्रिंटरची रिबन तेवढी आणायचीय.”

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की लाइट नव्हती. काका आमच्याच खांबावरची लाइट वापरायचे. ते “बरं” म्हणाले आणि गेले. त्यांच्या त्या ‘बरं’नं मला जेवण गेलं नाही. यादी जगात एकाच जागी होती, त्या जागेची किल्ली सातव्या ठिपक्याशी अडत होती, आणि तिची दुसरी प्रत मी स्वतःच्या हातानं पुसून ती किल्ली केली होती.

रविवारी मंडळ बसलं. मी दोघांना सगळं सांगितलं, अक्षता सोडून. लपवायच्या म्हणून नव्हे. त्यांचा काही संबंध असेल असं डोक्यातच नव्हतं. सरांच्या पिशवीत त्यांची बूट फ्लॉपी असायचीच, ती घातली. सात ठिपके. सोनईकरानं कारखान्यातून आणलेली घातली. सात ठिपके. साध्या डॉसची फ्लॉपी मात्र झटक्यात सुरू झाली.

“म्हणजे ड्राइव्ह उत्तम आहे,” सर डोळे मिटून म्हणाले. “दोष मेमरीत असावा. किंवा प्रोसेसरला हा गाभा मानवत नाही.”

“मेहुण्यास्नी पत्र टाकायचं का?” सोनईकरानं विचारलं.

“उत्तर येईपर्यंत दिवाळी होईल,” मी म्हणालो.

“मग डिस्क काडून माझ्याकडं न्यावी काय?”

आम्ही तिघांनीही डब्याच्या मागच्या कागदी सीलकडं पाहिलं. सील तुटल्यास जबाबदारी नाही, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. शिवाय आम्ही तिघे सॉफ्टवेअरची माणसं. डबा उघडणं म्हणजे आम्हाला पोट फाडल्यासारखं वाटायचं. सर चेसिस हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे.

तेवढ्यात काका आत आले. पडद्यावर सात ठिपके, पुढं तीन माणसं गप्प. सोनईकराला गप्प बसणं कधीच जमलं नाही.

“काका, तुमची यादी आत आडाकलीय बगा. लई परयत्न केला, पर न्हाई निगत.”

काकांनी माझ्याकडं पाहिलं. “रिबनचं काय?”

“रिबन आहे, काका,” मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. फ्लॉपीचंही.

त्यांनी ती फ्लॉपी हातात घेतली, लेबलावरची आपली सही पाहिली, परत ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या बायकोला म्हणाले, “ताई, रेघांचे कागद आहेत का घरात?” तिनं वही दिली. खिडकीशी पाटावर बसून त्यांनी टोपण उघडलं आणि गावाचं नाव लिहून खाली रेघ मारली.

आठवणीतून यादी लिहायला त्यांनी सुरुवात केली. पुटपुटत लिहीत होते, म्हणून कळत होतं: ते गावात शिरले होते. विहिरीपासून उजवीकडचं पहिलं घर, मग त्याला लागून भावाचं, मग बोळ. प्रत्येक घराशी थांबून आत कोण कोण होतं ते नावानिशी सांगत होते. बाप्यांची नावं, बायांची नावं. बायांची नावं ऐकायला येऊ लागली तसा मी उठून उगीच चहाचे कप गोळा करायला लागलो. त्याचं कारण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तासाभरानं ते मान मोडत उठले. तिसऱ्या गावात अडले होते. मशीनजवळ येऊन उभे राहिले. मी पुन्हा एकदा लावून दाखवलं.

“दर वेळी इथंच थांबतं?”

“इथंच. सातवा ठिपका.”

“एकदाही आठवा नाही? एकदाही सहा नाही?”

“नाही.”

“मग हिशेबाची चूक नाही ती. हिशेबाची चूक जागा बदलते.” काका खाली वाकून त्या फटीकडं बघू लागले. “डेपोत आमचं एक शटर होतं. रोज टाचेएवढं राहायचं आणि अडायचं. साहेबांनी मोटर बदलली, ग्रीस लावलं, पुण्याहून माणूस बोलावला. रुळात खडा होता.” मग मान वर न करता म्हणाले, “मास्तर, इथं आत लाल काय दिसतंय?”

“कुंकू,” मी म्हणालो. “खंडेनवमीचं.”

“आत?”

बायकोनं पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडी पडल्यासारखं हसू ऐकू आलं.

काकांनी सायकलच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर आणला. सील पाहून थांबले. “सरकारी सील फोडताना दोन साक्षीदार लागतात. हे दोघं आहेत.” आणि त्यांनी ते एका फटक्यात फाडलं. सरांनी डोळे मिटले, या वेळी खरोखर. चार स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर घेतला, वरचा पत्रा उचलला. वाचणारं डोकं ज्या पट्टीवरून पुढंमागं सरकतं त्या पट्टीत, बरोबर वाटेत, एक तांदूळ. चांगला लालबुंद. डोकं कडेचं तेवढं वाचायचं, आत सरकायला गेलं की दाण्याला टेकायचं. डॉस लहान, कडेलाच संपायचा. लिनक्स लांबलचक, त्याला आत जावं लागायचं.

“आयला,” सोनईकर म्हणाला, “आन् आमी परोसेसर बदलाया निगालो हुतो!”

“हे मॅन्युअलमध्ये नाही,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते वाक्य मी एकदाच ऐकलं.

काकांनी चिमट्यानं दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. “आमच्याकडं ही पूजा नसते ना, म्हणून मला दिसला. तुम्हाला तो घरचाच वाटला असता.”

ड्राइव्ह बसवला. ठिपके सातच्या पुढं गेले, ओळ भरली, लिनक्स उठला. मी यादी उघडून दाखवली. मराठी अक्षरांची सोय तिथं नसल्यानं पडद्यावर नुसते आकडे, कंस आणि उलटसुलट चिन्हं आली. काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही माझी माणसं?”

“उद्या क्लासमध्ये छापली की ओळखीची दिसतील.”

सोनईकरानं दोन वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर यादी उतरवून घेतली, एक स्वतःच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाला, “ही तुमाला न्हाई द्यायची.” चहा झाला. दोघांना वाटलं, संपलं. मला माहीत होतं, संपलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी छापलेली यादी काकांना दिली. त्यांनी ती आणि वहीतली हाताची यादी शेजारी शेजारी ठेवली, पट्टी घेतली आणि एकेक ओळ खाली सरकवत टिक करू लागले. अर्ध्या पानावर पट्टी थांबली.

“मास्तर, माझ्या कागदावर बायांची नावं आहेत. तुमच्यावर ‘व पत्नी’ आहे.”

“हो.”

“दुसरं घर. व पत्नी. तिसरं घर. व पत्नी.” त्यांनी पानं उलटली. “मी वाचली नव्हती का नावं?”

“वाचली होती, काका.”

“मग?”

हीच ती चलाखी. बायकोचं नाव आलं की मी एक बटण दाबायचो. त्या बटणात ‘व पत्नी’ भरून ठेवलेलं होतं. लग्नपत्रिकेत, देणगीच्या पाटीवर चालतं, इथं का नाही, असा माझा हिशेब. काका चिठ्ठीत डोकं घालून असायचे, पडद्याकडं बघायचे नाहीत, आणि मी ते धरूनच चाललो होतो.

“एक बटण होतं,” मी म्हणालो.

“त्यानं किती वेळ वाचला?”

“नावामागं… अर्धं मिनिट.”

मशीन दुरुस्त झालं होतं, फाइल जशीच्या तशी हाती आली होती, पण ती नावं तिच्यात कधी नव्हतीच. ती फक्त चिठ्ठ्यांवर होती, आणि चिठ्ठ्या बंबात. छापलेल्या बाप्यांच्या नावांवरून उरलेल्या गावांतल्या बाया आठवून काकांनी त्या वहीत लिहिल्या आणि नावं मोजली. साठसत्तर कमी पडत होती. ते उठले, पट्टी खिशात घातली.

“बुधवारपासून तीन दिवस रजा काढा. आणि पायात चप्पल नको, बूट घाला.”

पूर्वेकडच्या त्या गावांत मी पहिल्यांदा गेलो तो असा, हातात संगणक नाही, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर जातात, त्यामुळं माणसं घरी होती, हे आमचं नशीब. काका दारात उभे राहून विचारायचे, मी लिहायचो. काही ठिकाणी सुना सांगायच्या, काही ठिकाणी सुनांनाच माहीत नसायचं. “आत्याबाईच म्हनायचो आमी, नाव कुनाला ठावं?” मग शेजारी विचारायचं, शेजारणीला आठवायचं, दोघींत वाद व्हायचा, आणि चहा व्हायचा. त्या तीन दिवसांत मी जेवढा चहा प्यायलो तेवढी नावं मिळाली, असा साधारण हिशेब बसला.

एका म्हातारीनं मला नखशिखान्त न्याहाळलं. भिंतीला टेकून ती तुरी पाखडत होती.

“नाव कशाला पायजे? सरकारी हाय का?”

“न्हाई, मावशे, आपलंच हाय,” काका म्हणाले. गावात शिरलं की त्यांची डेपोतली भाषा स्टँडवरच राहायची.

“मंग कंचं लिव्हतो? म्हायेरचं का हितलं?”

मी काकांकडं पाहिलं. लग्नात नाव बदललेलं, चाळीस-पन्नास वर्षं नव्या नावानं हाक आलेली, तरी जुनं तिनं जपून ठेवलं होतं.

“दोनी लिव्ह,” तीच म्हणाली. “जागा हाय का तुज्या कागदाव?”

“आहे, मावशी.” आणि मी दोन्ही लिहिली.

दोन नावं शेवटपर्यंत मिळाली नाहीत. घरं उठून गेली होती, सांगणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, तिथं ‘व पत्नी’ राहू द्यावं का. काका म्हणाले, “टिंबं द्या. मिळेल तेव्हा भरू.” तशी टिंबं दिली. ती मोजून सात नव्हती, एवढी काळजी मी घेतली.

शनिवारी-रविवारी क्लासमध्ये बसून मी यादी पुन्हा टाइप केली. ते बटण आधी रिकामं केलं. सोनईकर शेजारी बसून वाचून दाखवत होता आणि मी ‘क्ष’ शोधायला लागलो की “सावकास, मास्तर, आता कुनी पळून जात न्हाई” म्हणत होता. बारा तारखेला मजकूर भिंगारच्या छापखान्यात पोचला. चिठ्ठ्या काकांनी दोऱ्यानं बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. कच्चं नष्ट करायचा नियम त्यांनी पस्तीस वर्षांनंतर मोडला, आणि ‘संगणक विसरत नाही’ हे वाक्य मी क्लासमध्ये म्हणायचं बंद केलं.

चौदा तारखेला विहारात मी आणि बायको मागच्या सतरंजीवर बसलो. केडगावचे सर आणि सोनईकरही आले होते. गावाकडून एक टेम्पो भरून माणसं आली होती. वंदना झाली, मग काका चष्मा पुसून यादी वाचायला उभे राहिले. वाचत वाचत ते त्या म्हातारीच्या घराशी आले. आधी तिच्या नवऱ्याचं नाव, मग तिचं सासरचं, मग माहेरचं. पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “हाय!”

सगळे हसले. काकाही हसले. पण पुढच्या घराचं नाव आलं तशी आणखी एक म्हातारी म्हणाली, “हाय.” मग ते सुरूच झालं. जे नव्हते त्यांच्यासाठी मुलं, सुना, नाती “हाय” म्हणू लागली. टिंबांच्या जागी काका थांबले, चार श्वास झाले, आणि पुढं गेले.

नंतर पुस्तिका वाटल्या. बायकोनं आपली शेवटून उघडली. आभाराचं पान काकांनी माझ्याकडं टाइप करायला दिलंच नव्हतं. “ते मी परस्पर देतो” म्हणाले होते. मी मनात धरून होतो की तिथं संगणकसाह्य म्हणून माझं नाव असेल, जमलं तर लिनक्सचंही.

“अहो, हे बघा,” बायको म्हणाली. ती पुन्हा पदर तोंडाला लावायच्या बेतात होती.

छापखान्याच्या माणसांचे आभार होते. सरांचे आणि सोनईकराचे, पूर्ण नावानिशी. त्याखाली माझ्या बायकोचं नाव, माहेरच्या आडनावासकट, आणि त्यापुढं दोन शब्द: ‘व पती’.

मी मान वर केली. काका सतरंज्यांमधून वाट काढत आमच्याकडंच येत होते.

“नाव आठवत होतं, मास्तर,” ते म्हणाले. “वेळ नव्हता.”